क्लेम विभागातली मुलं टिकत नाहीत. कामाचं मानसशास्त्र इथे उपयोगी पडतं का?

तुम्ही लिहिलंय की अंधेरीतल्या एका विमा कंपनीच्या बॅक ऑफिसात तुम्ही एचआर बघता, क्लेम हाताळणारी मुलं वर्षाच्या आत राजीनामा देतात, आणि साहेबांनी त्यावर शुक्रवारचा योगवर्ग आणि वेलनेस ॲप सुचवलंय.

योगाशी माझं भांडण नाही. पण ज्या मुलाला वॉशरूमला जाण्यासाठीही सिस्टीममध्ये कारण टाकावं लागतं, त्याला दीर्घ श्वास घ्यायला शिकवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कामाच्या ताणाचे संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की माणूस नुसत्या कामाच्या बोजाने पिचत नाही. बोजा भरपूर आणि ठरवण्याचा अधिकार शून्य, ही जोडी त्याला खाते. तुमच्याकडे हेच चाललंय असा माझा अंदाज.

मालाडच्या अशाच एका ऑफिसात मी कामाच्या फेररचनेवर होतो. एक मुलगी दिवसभर हॉस्पिटलची बिलं नीट स्कॅन झालीत का एवढंच बघून फाइल पुढे ढकलायची. क्लेम पास झाला की फेटाळला गेला, तिला कधीच कळत नसे. कळायचं ते फक्त चूक झाल्यावर, टीम लीडरच्या मेलमधून, तेही सगळ्यांना सीसी करून. हॅकमन आणि ओल्डहम या अमेरिकी संशोधकांनी १९७०च्या दशकात चांगल्या कामाच्या पाच गोष्टी सांगितल्या: निरनिराळी कौशल्यं लागणं, अख्खं काम हातात असणं, ते कुणाच्या तरी उपयोगी पडणं, निर्णयाची मोकळीक, आणि केलेलं कसं झालं ते समजणं. तिचं काम लोकांच्या उपयोगाचं होतंच, पण ते तिला दिसतच नव्हतं. बाकी चारांच्या नावाने बोंब.

तिथे छोटे क्लेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच माणसाकडे दिले, नियमात बसेल त्या रकमेपर्यंत मंजुरीही त्याच्याकडेच. मग पेशंटच्या मुलाचा फोन आला की ‘वर विचारून सांगते’ऐवजी ती ‘डिस्चार्ज समरीचं दुसरं पान नाहीये, तेवढं पाठवा, पुढचं मी करते’ असं सांगू लागली. माझ्या मते सगळा फरक या एका वाक्यात आहे.

हे परदेशी खूळ आहे असं साहेब म्हणाले तर त्यांना अहमदाबादच्या कॅलिको मिलचा दाखला द्या. (डबेवाल्यांचा नको, तो त्यांनी प्रत्येक सेमिनारमध्ये ऐकलाय.) तिथे स्वयंचलित माग येऊनही उत्पादन वाढेना. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक या संशोधन संस्थेचे ए. के. राइस आले. विणकामाचे बारीक तुकडे करून ते वेगवेगळ्या कामगारांत वाटलेले होते आणि कोण कुणाबरोबर हेच धड नव्हतं. त्याऐवजी ठराविक मागांची जबाबदारी एकेका छोट्या गटाकडे दिली, आणि उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. एका कंटाळवाण्या कामाला दुसरं कंटाळवाणं काम जोडून त्याला ‘समृद्ध भूमिका’ म्हणू नका. मानसशास्त्रज्ञ हर्झबर्गनी १९६८ मध्येच याची टर उडवली होती. आणि पगार बाजारापेक्षा कमी असेल तर आधी तो बघा. सगळ्यांना जास्त जबाबदारी हवी असते असंही नाही. कुणाला आपलं काम उरकून वेळेवर बदलापूर गाठायचं असतं, त्याला ते करू द्या. येण्याची वेळ अर्धा-पाऊण तास पुढेमागे करायची मुभा तर सगळ्यांनाच द्या. उशीर लोकलचा आणि हाफ डे माणसाचा, हा हिशेब कुणाला पटत नाही.

सुरुवात म्हणून एखाद्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसा आणि विचारा, ‘कशाकशासाठी वर विचारावं लागतं?’ त्या यादीतल्या निम्म्या परवानग्या एकाच टीमपुरत्या काढून टाका. शेजारची टीम आहे तशी ठेवा, आणि चुका, आजारपणाच्या रजा, राजीनामे दोन्हीकडचे मोजत राहा. पैसे फारसे लागत नाहीत, त्यामुळे साहेब तयार होतील. खरी अडचण टीम लीडरची येईल, कारण त्या परवानग्या म्हणजेच त्यांचा मान. त्यांना आधी विश्वासात घ्या, गुंतागुंतीचे क्लेम आणि नव्या मुलांचं ट्रेनिंग त्यांच्याकडे सोपवा. नाहीतर काढलेली मंजुरी महिन्याभरात एखाद्या नव्या एक्सेल शीटच्या रूपात परत येते.