सोळा तास पाळते, पण नंतर ताबाच राहत नाही

"मॅडम, सोळा तास उपाशी आरामात काढते पण खायची वेळ झाली की थांबताच येत नाही, माझ्यात विलपॉवरच नाहीये का?" हा प्रश्न इतक्या जणी विचारतात की आज एका क्लायंटबद्दल लिहितेच, ओळख पटेल असं सगळं बदलून.

तिने १६:८ फास्टिंग चालू केलेलं, म्हणजे १६ तास उपाशी आणि ८ तासांत खाणं. पहिल्या दोन आठवड्यांत वजन भराभर उतरलं, खूश होती. (त्यात बरंचसं पाणीच असतं, शरीरात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, वापरलं जातं आणि त्याच्यासोबतचं पाणी निघून जातं, चरबी एवढ्या पटकन जात नाही, पण हे आधी कोणी सांगतच नाही.) मग काटा अडकला. तिने १६ चे १८ केले, मग २०. डोकं दुखायचं, झोप लागेना, पाळी पुढे गेली, कोणी साधं काही विचारलं तरी खेकसायची आणि संध्याकाळी पोटाला तडस लागेपर्यंत खाऊन रडत बसायची. दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून आणखी दोन तास.

मी विचारलं, कॉलेजात असताना तुमचं खाणं कसं होतं? बराच वेळ गप्प. मग म्हणाली, तेव्हाही लपून खायचे आणि मग दोन दोन दिवस काहीच नाही.

ज्यांना आधी असा त्रास झालाय त्यांनी फास्टिंगच्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. उपाशी शरीर खायला मागणारच, त्यात विलपॉवर कुठून आली?

"पण मग फायदा बुडेल ना?" तिला २०२२ चा एक अभ्यास सांगितला, लठ्ठपणा असलेले १३९ जण, वर्षभर, दोन्ही गटांच्या कॅलरी सारख्याच कमी केलेल्या, फक्त एका गटाने ८ तासांतच खायचं. वजनात म्हणावा असा फरक पडला नाही. काहींना वेळ ठरवून खाणं सोपं जातं, त्यांनी जरूर करावं, पण इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर नकोच.

पाळीसाठी तिला डॉक्टरकडे पाठवलं, इकडे आम्ही सकाळच्या नाश्त्यापासून सुरुवात केली, पहिले काही दिवस घास हातात घेऊन घाबरायची. परवा आली तेव्हा सांगत होती, मीटिंग लांबली, जेवायला तीन वाजले, आणि किती तास झाले हे मोजायचं लक्षातच आलं नाही.