रंग दुरुस्त करणारा एकच असू द्या

प्रश्न : गेल्या दिवाळीत मी सहा शायांचा फोटो प्रिंटर घेतला. मुलीच्या साखरपुड्याचे फोटो संगणकावर सुरेख दिसतात, पण छापल्यावर ते काळपट येतात आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर गुलाबी झाक चढते. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये गुलाबी कमी कर, पिवळा वाढव असे करता करता कागदाचे एक पाकीट संपले. एक फोटो सुधारला की दुसरा बिघडतो. नेमके काय चुकत असावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्या पत्रात खरे तर दोन तक्रारी आहेत आणि त्यांची कारणे वेगवेगळी आहेत. दोन्हींवर एकाच वेळी, तेही प्रिंटरमधले रंग कमीजास्त करून, उपाय करायला गेल्यामुळे कागद वाया गेला. ते रंगांचे आकडे आधी पुन्हा शून्यावर आणावेत.

काळपटपणाचे मूळ बहुधा प्रिंटरमध्ये नसून स्क्रीनमध्ये असते. स्क्रीन स्वतः प्रकाश देते, तर कागद त्याच्यावर पडलेला प्रकाश तेवढा परत करतो. खोक्यातून काढलेल्या नव्या मॉनिटरची प्रखरता अनेकदा प्रति चौरस मीटर २५० कँडेला किंवा त्याहून जास्त असते. छपाईसाठी फोटोवर काम करताना ती ८० ते १२०च्या आसपास ठेवतात. एवढ्या झगझगीत स्क्रीनवर मुळातच काळोखा असलेला फोटोही उजळ भासतो आणि आपण तो तसाच छापायला पाठवतो. मोजण्याचे उपकरण जवळ नसेल तर स्क्रीनवर कोरे पांढरे पान उघडावे, शेजारी फोटोचा कोरा कागद चांगल्या उजेडात धरावा आणि दोन्हींचा पांढरेपणा डोळ्यांना सारखा वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवत जावे. रात्री स्क्रीन पिवळसर करणारी आणि उजेडानुसार ती आपोआप कमीजास्त करणारी सोय बंद ठेवावी. पहिले एकदोन दिवस स्क्रीन मंद वाटेल, मग नजर सरावते. त्यानंतर तेच फोटो पुन्हा उघडून पाहिलेत तर ते किती काळोखे आहेत हे छापण्याआधीच दिसेल.

आता गुलाबी झाक. आपला प्रिंटर सहा शायांचा आहे, म्हणजे त्यात नेहमीच्या चार शायांबरोबर फिकी निळी आणि फिकी गुलाबी अशा आणखी दोन शाया असण्याची शक्यता मोठी आहे. चेहऱ्याच्या उजळ छटा प्रामुख्याने या फिक्या शायांनी रंगतात. फिक्या निळ्या शाईची छिद्रे तुंबली की चेहरे गुलाबी पडतात आणि फिकी गुलाबी तुंबली तर हिरवट. गडद रंग मात्र ठीक दिसत राहतात, त्यामुळे संशय भलतीकडेच जातो. म्हणून सर्वांत आधी नोझल चेकचे, म्हणजे शाईची छिद्रे तपासण्याचे, पान छापावे आणि ते खिडकीपाशी नेऊन पाहावे. ट्यूबलाइटखाली फिक्या निळ्या रेषांतली तूट मला स्वतःला एकदा दिसली नव्हती आणि मी दोन संध्याकाळी प्रोफाइल (प्रिंटर, शाई आणि कागद यांचे रंगमाप, त्याविषयी पुढे) बदलत बसलो होतो. रेषा तुटक असतील तर हेड क्लीनिंग, म्हणजे छिद्रांची सफाई, करावे, पण दोनतीनदा करून फरक पडला नाही तर प्रिंटरला काही तास स्वस्थ राहू द्यावे. लागोपाठ क्लीनिंग केल्याने शाई मात्र भराभर संपते.

नोझल ठीक असतील तर दुसरी आणि अधिक सर्रास आढळणारी शक्यता उरते : रंगांची दुरुस्ती दोनदा होत असावी. फोटोशॉपसारखा प्रोग्रॅम छापण्यापूर्वी प्रोफाइलच्या आधारे रंग बदलून पाठवतो आणि प्रिंटरचा ड्रायव्हर (संगणकातला प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम), आपल्याकडे मूळ रंगच आले आहेत असे समजून, त्यांना पुन्हा बदलतो. अशा दुहेरी दुरुस्तीतून गुलाबी झाक येते, हा अनेकांचा अनुभव आहे. तेव्हा हे काम दोघांपैकी एकालाच द्यावे. ते प्रोग्रॅमकडे दिले, तर ड्रायव्हरमध्ये ‘नो कलर अ‍ॅडजस्टमेंट’ किंवा त्याच अर्थाचा पर्याय निवडावा. प्रोफाइलची माहिती नसेल तर ‘प्रिंटर मॅनेजेस कलर्स’ ठेवून सगळे ड्रायव्हरवर सोपवावे. प्रिंटरच्याच कंपनीचा कागद आणि शाई असेल तर यातूनही समाधानकारक रंग मिळतात.

प्रोफाइल म्हणजे शिंप्याने घेतलेल्या मापासारखी गोष्ट आहे. ते एका विशिष्ट प्रिंटरचे, एका शाईचे आणि एका कागदाचे माप असते. तिघांपैकी एक बदलले की ते अंगाला बसत नाही. या मापांची सर्वांना सामाईक अशी पद्धत १९९३ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय रंगसंघाने, म्हणजे आयसीसीने, रूढ केली आणि आज कागदाच्या अनेक कंपन्या आपल्या कागदाची प्रोफाइल विनामूल्य देतात. त्यासोबत ड्रायव्हरमध्ये कागदाचा कोणता प्रकार निवडायचा हेही सांगितलेले असते आणि ते तंतोतंत पाळावे, कारण कागदावर शाई किती सोडायची हे त्यावरच ठरते. ग्लॉसी कागद घालून ‘प्लेन पेपर’ निवडलेले राहिले तर बाकीची सगळी मेहनत फुकट जाते. बाजारातली स्वस्त सुटी शाई टाकीत भरली असेल तर कंपनीचे प्रोफाइल तिला लागू पडेल याची खात्री नाही, हेही ध्यानात घ्यावे.

पडताळणीसाठी दर वेळी नवा फोटो छापू नये. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या पायऱ्या, त्यांच्याशेजारी एक चेहरा आणि एखादे फळ असे एकच लहान चित्र तयार करून तेच छापत जावे आणि मागे तारीख व सेटिंग पेन्सिलीने लिहून ठेवावी. चेहऱ्यावरची हलकी झाक आपण खपवून घेतो, पण करड्या रंगात ती लगेच उघडी पडते. हा नमुना दुसऱ्या दिवशी, शाई पुरती वाळल्यावर, खिडकीतल्या उजेडात पाहावा. सूर्याची थेट तिरीप नको आणि पिवळा बल्ब तर नकोच.

प्रश्न : माझ्या आईच्या मोरपंखी पैठणीचा रंग कागदावर कधीच नीट उतरत नाही. बाकी सर्व रंग बरोबर येतात. (एक वाचक, येवला)

उत्तर : यात प्रिंटरला दोष देण्यापूर्वी कॅमेऱ्याकडे पाहावे. बहुतेक कॅमेरे आपली जेपेग फाइल एसआरजीबी या रंगक्षेत्रात, म्हणजे रंगांच्या ठरावीक मर्यादेत, देतात. १९९६ साली साध्या मॉनिटरसाठी मांडलेल्या या क्षेत्रात गडद निळे-हिरवे रंग पुरते मावत नाहीत, उलट चांगल्या फोटो प्रिंटरची निळी शाई त्याच्या पलीकडचे काही रंग सहज देते. म्हणजे कागदावर येऊ शकणारा रंग फाइलमध्येच कापला गेलेला असतो. शक्य असेल तर फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ, स्वरूपात घेऊन अ‍ॅडोबी आरजीबी या मोठ्या क्षेत्रात तयार करावा आणि योग्य प्रोफाइल लावून छापावा. स्क्रीनवरचा झळाळता निळा-जांभळा मात्र याच्या उलट वागतो; तो शाईच्या आवाक्याबाहेरचा असतो आणि कितीही खटाटोप केला तरी मंदच येतो.

शिवाय पैठणीचे ताणे आणि बाणे वेगळ्या रंगांचे असतील तर ती धूपछाँव असते आणि पदर जरा हलला तरी तिचा रंग पालटतो. कॅमेरा त्यातला एकच क्षण टिपतो. साडी खिडकीपाशी पसरून तीनचार कोनांतून फोटो घ्यावेत आणि आईंना जो रंग ओळखीचा वाटेल तोच फोटो छपाईसाठी निवडावा. इथे निवाडा त्यांच्या नजरेचाच धरावा.

प्रश्न : पावसाळ्यात फोटो डागाळतात आणि रंग पसरतात. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : कागदाने दमट हवा धरलेली असते. पाकीट फोडल्यावर उरलेला कागद घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवावा, ट्रेमध्ये रात्रभर राहू देऊ नये आणि छापलेले फोटो अल्बममध्ये लावण्याआधी किमान एक दिवस सुटे सुटे वाळवावेत.