संमतीवर सही करण्याची घाई नको

प्रश्न : माझे पती भारतीय नागरिक. आम्ही सात वर्षं जर्मनीत राहतो. गेल्या आठवड्यात त्यांना रोमानियाच्या वॉरंटवर अटक झाली. पूर्वी ते तिथे नोकरीला होते, त्या काळातल्या एका प्रकरणात त्यांच्या गैरहजेरीत दोन वर्षांची शिक्षा झाली आहे म्हणे. खटल्याची आम्हाला कल्पनाच नव्हती. तिथल्या तुरुंगांबद्दल फार वाईट ऐकलंय. ‘संमती दिलीत तर लवकर सुटाल’ असं एका ओळखीच्यांनी सुचवलंय. काय करावं?

उत्तर : ताई, वकिलाशी बोलणं होईपर्यंत त्यांनी रोमानियाच्या ताब्यात जायला संमती मुळीच देऊ नये. दिलेली संमती सहसा मागे घेता येत नाही आणि त्यानंतर दहा दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. संमती नसेल तर न्यायालयाला साधारण 60 दिवस मिळतात, आणि तुम्हाला ते हवेच आहेत.

2004 पासून लागू असलेल्या ‘युरोपीय अटक वॉरंट’च्या पद्धतीत युरोपीय संघातल्या एका देशाचं न्यायालय दुसऱ्या देशाच्या न्यायालयाकडे थेट माणूस मागतं. म्हणून ‘ते निर्दोष आहेत’ हा बचाव जर्मनीत चालणार नाही.

माझ्या मते तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा गैरहजेरीचा आहे. समन्स त्यांच्या हाती पडलं का, त्यांनी नेमलेला वकील कोर्टात हजर होता का, फेरसुनावणीचा हक्क मिळणार का, हे वॉरंटच्या नमुन्यातच लिहावं लागतं. तो मजकूर बारकाईने तपासून घ्या.

तुरुंगाची भीती रास्त आहे, पण ‘तिथले तुरुंग वाईट’ एवढ्याने भागत नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2016 मध्ये, रोमानिया आणि हंगेरीच्याच वॉरंटांबाबत, दोन पायऱ्या घालून दिल्या : आधी तिथल्या व्यवस्थेतले दोष पुराव्याने दिसले पाहिजेत, मग याच माणसाला, ज्या तुरुंगात ठेवणार तिथे, अमानुष वागणुकीचा खरा धोका आहे का ते पाहायचं. सामायिक कोठडीत माणशी तीन चौरस मीटरपेक्षा कमी जागा असेल तर हक्कभंगाचं प्रबळ गृहीतक लागू होतं. त्यामुळे कोणता तुरुंग, किती जागा, हे रोमानियाकडून लेखी मागवायला वकिलांना सांगा. ठोस हमी आली तर मात्र न्यायालय सहसा ती मानतं, हे आधीच सांगून ठेवते.

शिक्षा जर्मनीतच भोगू द्यावी, अशी मागणीही जोडा. भारतीय आहेत एवढ्यावरून ती सरसकट नाकारता येत नाही, असा त्याच न्यायालयाचा 6 जून 2023 चा निकाल आहे. तुमचं आयुष्य जर्मनीत रुजलंय हे दाखवायला नोकरीचा करार, घरभाडं, मुलं असल्यास त्यांची शाळा, भाषेची प्रमाणपत्रं आजच गोळा करा. गंभीर आजार असेल तर वैद्यकीय कागदही.

दुभाषी मिळणं हा त्यांचा हक्क आहे. रोमानियातही वकील नेमता येतो. गैरहजेरीच्या खटल्याची फाईल तोच काढू शकेल, तेव्हा ते काम याच आठवड्यात करा.