बारावी पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) झालं, नीटला मार्क कमी आले. नर्सिंग घेऊ की डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा)?

आधी स्वतःलाच विचारून बघ: दिवसभर पेशंटजवळ राहायला आवडेल की मशीन-नमुन्यांसोबत? पेशंट हवा असेल तर बीएस्सी नर्सिंग. चार वर्षं, राज्याची सीईटी द्यावी लागते, आणि पुढे आयसीयू, शिकवणं, परदेश असे रस्ते खुले राहतात. सीईटी जमली नाही तर तीन वर्षांचं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून पुढे पोस्ट बेसिक बीएस्सी ही नर्सिंगची पदवी घेता येते, ही वाट अजिबात कमी दर्जाची नाही. रात्रपाळी मात्र चुकणार नाही, घरी आत्ताच सांगून ठेव.

लॅब आवडत असेल तर डीएमएलटी ठीक, पण जमल्यास पदवीच घे. डायलिसिस, ओटी (ऑपरेशन थिएटर), रेडिओग्राफी (एक्स-रे वगैरे) यांच्या कोर्सचीही चौकशी कर. बहुतेकांना ही कामं माहीतच नसतात.

प्रवेशाआधी मान्यता तपासच. नर्सिंगला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, पदवीला नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. गल्लीतल्या 'शंभर टक्के नोकरी'वाल्या संस्थेत फी भरून माझ्या मावसबहिणीची दोन वर्षं गेली, नोंदणीच झाली नाही. आणि कॉलेजचं प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलात होतं, तिथे एकदा जाऊन ये. वॉर्डमधल्या मुलींशी बोल, त्या खरं सांगतील.