लवंगतेलाने पानं करपली, मावा मात्र तसाच

लिटरभर पाण्यात 10 मिली लवंगतेल टाकून, बाटली हलवून तुम्ही जास्वंदीवर फवारलंत. पानं करपली आणि मावा, म्हणजे रस शोषणारी ती बारीक कीड, हललाही नाही. यात तेल बनावट असेलच असं नाही. ते पाण्यात मिसळलंच नव्हतं.

लवंगतेल पाण्यापेक्षा जड. हलवणं थांबलं की ते तळाशी बसतं आणि फवाऱ्याची नळी तळातूनच ओढते. म्हणजे पहिल्या काही फवाऱ्यांत पानांवर जवळजवळ निव्वळ तेल पडलं. त्यातलं युजेनॉल, म्हणजे लवंगतेलाचा मुख्य घटक, पानावरचा मेणचट थर आणि पेशी जाळतं. याच गुणामुळे ते तणनाशकातही वापरतात. गवती चहाचं तेल उलट वर तरंगतं, तिथे शेवटचे फवारे घात करतात.

आता 1 लिटरसाठी 2 मिलीच तेल घ्या. कोरड्या काचेच्या पेल्यात त्यात 4 मिली पॉलिसॉर्बेट 80 (तेल पाण्यात मिसळवणारं द्रव्य) घालून एकजीव करा, मग चमचा-चमचा पाणी घालत ढवळा. द्रावण ताकासारखं पांढुरकं व्हायला हवं. दहा मिनिटांनी वर तेलाचे डोळे किंवा तळाशी थेंब दिसले तर ते फवारू नका. पॉलिसॉर्बेटऐवजी साबण वापरायचा तर पोटॅशचा मऊ साबण, 5 मिली. बोअरच्या जड पाण्यात त्याचा साका होतो आणि नोझल तुंबतं. पावसाचं किंवा आरओचं पाणी घ्या. कपड्यांची पावडर नकोच.

आधी दोन पानांवर मारून 24 तास थांबा. फवारणी ऊन उतरल्यावर, पानांच्या मागच्या बाजूला आणि कोवळ्या शेंड्यांवर, मावा चिंब होईल अशी करा. हे तेल अंगावर पडलं तरच मारतं, आणि काही तासांत उडून जातं. हुकलेला मावा आठवड्यात पुन्हा घोस धरतो, म्हणून 5 दिवसांच्या अंतराने तीनदा. द्रावण दर वेळी ताजं. कडुलिंबाचं तेल या उडून जाणाऱ्या तेलांत धरू नका. ते घाण्याचं तेल आहे, उडत नाही, त्याचं काम सावकाश चालतं.

याच पाण्याने ओटा पुसला तर जंतू मरतील का, असंही विचारलंत. युजेनॉल जिवाणूंचं आवरण फोडतं हे खरं, पण ओट्यावरचा तुपकट थर ते शोषून घेतो, आणि ई. कोलायसारख्या जिवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं. ओट्याला साबण आणि गरम पाणीच बरं. घरात मांजर असेल तर फवारलेली कुंडी वाळेपर्यंत बाहेर ठेवा. मांजराच्या यकृताला युजेनॉल नीट पचवता येत नाही.