घरच्या ग्राफिक्स कार्डवर काढलेले बेंचमार्कचे आकडे ग्राह्य धरावेत का?

हो, धरावेत. तुमच्याकडे 24 जीबीचं कार्ड आहे, त्यावर मेटाच्या लामा 3.1 चं 8 अब्ज पॅरामीटरचं इन्स्ट्रक्ट (सूचना पाळायला शिकवलेलं) भाषा-मॉडेल 4-बिट करून, म्हणजे त्यातला प्रत्येक आकडा 16 ऐवजी 4 बिटांत कोंबून चालवलंत, जीएसएम8के या शाळकरी गणितांच्या चाचणीवर मेटाच्या मॉडेल कार्डातल्या (मेटाने स्वतः छापलेल्या) आकड्यापेक्षा बराच कमी स्कोअर आला, आणि मित्र म्हणतो की असल्या हार्डवेअरवर हेच होणार, मोठं मशीन भाड्याने घे. भाड्याचं तूर्त राहू द्या. मॅट्रिक्सचे गुणाकार स्वस्त कार्डावर वेगळे होत नाहीत, फक्त वेळ जास्त लागतो. कमी पडला तर वेग कमी पडेल, दहा-पंधरा गुण जाणार नाहीत.

"असल्या हार्डवेअरवर हेच होणार" हे वाक्य मी एका बैठकीत ऐकलेलं आहे आणि त्यापायी एक चांगलं मॉडेल बाद झालेलं पाहिलं आहे, म्हणून जरा लांबण लावते.

आमच्या टीमला तक्रारींच्या मजकुरातून रकमा आणि तारखा उचलून हिशेब जुळवणारं मॉडेल हवं होतं. मजकूर बाहेर पाठवायचा नव्हता, त्यामुळे ओपन मॉडेल आणि तेही स्वतःच्या मशीनवर, हे ठरलेलं. टीममधले एक ज्येष्ठ सहकारी एक तक्ता घेऊन आले. एका ओळीत 16-बिटचा रन, भाड्याच्या सर्व्हरवर. दुसऱ्या ओळीत त्याच मॉडेलचा 4-बिटचा रन, ऑफिसातल्या साध्या कार्डावर. दोन ओळींत प्रचंड तफावत. निष्कर्ष त्यांनी आधीच काढून आणला होता: 4-बिट केलं की मॉडेल हिशेबातून उठतं आणि घरगुती कार्डावरच्या चाचण्या म्हणजे वेळ घालवणं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी एवढंच विचारलं की मॉडेलने दिलेल्या उत्तरांचा लॉग कुठे आहे. लॉग ठेवलाच नव्हता. स्कोअर आहे ना, मग लॉग कशाला, असं उत्तर मिळालं.

मी तोच रन त्याच कार्डावर पुन्हा लावला, फक्त इल्यूथरएआयच्या हार्नेसमध्ये (मॉडेलं तपासण्याच्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये) सॅम्पल्स लॉग करण्याचा पर्याय चालू केला. जीएसएम8के च्या टेस्ट सेटमधला पहिलाच प्रश्न बदकांचा आहे: जॅनेटची बदकं रोज 16 अंडी घालतात, ती 3 नाश्त्याला खाते, 4 मफिन्समध्ये घालते, उरलेली प्रत्येकी 2 डॉलरला विकते, तर रोजची कमाई किती? मॉडेलने 16 मधून 7 वजा केले, 9 ला 2 ने गुणलं आणि ठळक अक्षरांत 18 लिहिलं. उत्तर बरोबर. गुण शून्य. कारण कडक तपासणीचा फिल्टर उत्तरात चार हॅश चिन्हं आणि त्यांच्यापुढे आकडा शोधतो. मूळ डेटासेटमध्ये उत्तरं तशी लिहिलेली आहेत. मॉडेलने हॅश घातले नाहीत, म्हणून नापास.

पुढचे प्रश्न बघत गेले तर तीच तऱ्हा. काही उत्तरं मध्येच तुटलेली होती, कारण 256 टोकनांची (शब्दांच्या तुकड्यांची) डीफॉल्ट मर्यादा कुणी वाढवली नव्हती आणि मॉडेल सविस्तर बोलणारं होतं. सैल फिल्टर लावला की तो शेवटचा आकडा उचलतो. त्यात मॉडेलने पडताळणी करायला सुरुवात केली की संपलंच: कमाई 18 असं लिहून झाल्यावर ते "एकूण 7 अंडी वापरली गेली" असं जोडतं, फिल्टर 7 उचलतो, पुन्हा शून्य.

मग सर्व्हरवरच्या रनची कमांड मागून घेतली. त्या रनमध्ये प्रॉम्प्टच्या आधी पाच सोडवलेले नमुने होते, हॅशसकट. मॉडेलने ते पाहून तशीच उत्तरं दिली. कार्डावरचा रन चॅट एंडपॉइंटमधून (संभाषणाच्या स्वरूपात प्रश्न पाठवणाऱ्या मार्गाने) गेला होता आणि नमुने शून्य. हॅश लिहायचे असतात हे त्या मॉडेलला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे तक्त्यातल्या दोन ओळी दोन वेगळ्या परीक्षांच्या होत्या आणि खापर फुटलं 4-बिटवर. दोन्हीकडे तेच पाच नमुने, तीच टोकन मर्यादा, तोच फिल्टर ठेवून चालवल्यावर जो फरक उरला तो स्टँडर्ड एररच्या, म्हणजे निव्वळ योगायोगाने पडू शकणाऱ्या फरकाच्या आतला होता. हे सगळं मी समोर ठेवलं. त्यावर उत्तर आलं की रिपोर्टमध्ये घरगुती कार्डाचा आकडा बरा दिसत नाही. मॉडेल बाद झालं आणि लीडरबोर्डवर वर असलेलं दुसरंच घेतलं गेलं. हे मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

ज्यांना वाटतं की मोठ्या मशीनवरून आलेला आकडा आपोआप शुद्ध असतो, त्यांनी 2023 मधलं लामा 65 अब्जचं प्रकरण वाचावं. पेपरमध्ये एमएमएलयू या बहुपर्यायी प्रश्नांच्या चाचणीचा स्कोअर 63.4 होता आणि हगिंग फेस या मॉडेलं वाटणाऱ्या संकेतस्थळाच्या ओपन एलएलएम लीडरबोर्डवर (मॉडेलांच्या गुणतक्त्यावर) तोच 48.8 दिसत होता. मॉडेल तेच, 57 विषयांचे प्रश्न तेच, आणि मशीन काही कुणाच्या टेबलाखालचं नव्हतं. तपासल्यावर कळलं की एमएमएलयू तपासण्याच्या तीन पद्धती चालू आहेत. मूळ कोड फक्त ए, बी, सी, डी या अक्षरांच्या प्रोबॅबिलिटी ताडून बघतो. हेल्म ही स्टॅनफर्डची पद्धत मॉडेलने प्रत्यक्ष काय लिहिलं ते बघते. हार्नेसची त्या वेळची आवृत्ती अक्षरासोबत उत्तराचं पूर्ण वाक्य धरून प्रोबॅबिलिटी काढत होती. जवळपास 15 गुण एवढ्यानेच इकडचे तिकडे झाले.

तुमच्या बाबतीत आधी हे बघा: मेटाने 8 अब्जच्या इन्स्ट्रक्ट मॉडेलसाठी दिलेला 84.5 हा आकडा 8 नमुने देऊन, पायरीपायरीने विचार करायला लावून काढलेला आहे. हार्नेसमध्ये जीएसएम8के चं डीफॉल्ट 5 नमुन्यांचं आहे. तुम्ही किती दिले? चॅट टेम्प्लेट (संभाषणाचा ठरलेला साचा) लावलं होतं का? लावलं असेल तर नमुने संभाषणाच्या फेऱ्या म्हणून गेले की एकाच मेसेजमध्ये कोंबले गेले? टेम्प्लेट आणि टोकनायझर (मजकुराचे टोकन पाडणारा भाग) या दोघांनीही सुरुवातीचं टोकन जोडून ते दोनदा तर आलं नाही ना? आणि ओलामातून (घरच्या मशीनवर मॉडेल चालवण्याच्या साधनातून) चालवत असाल तर कॉन्टेक्स्ट, म्हणजे एका वेळी किती टोकन मॉडेलसमोर राहतात, ते स्वतः ठरवून द्या. बराच काळ तिथलं डीफॉल्ट 2048 होतं, आणि प्रॉम्प्ट त्याहून लांब झाला की काहीही न सांगता कापला जायचा. एमएमएलयूच्या काही विषयांत पाच नमुन्यांचा प्रॉम्प्ट तेवढा लांब होतो.

आता हार्डवेअर. 8 अब्ज पॅरामीटर 16-बिटमध्ये म्हणजे 16 जीबी वजनं (मॉडेलने शिकलेले आकडे). या मॉडेलची केव्ही कॅशे (आधीच्या टोकनांची मेमरीतली साठवण) प्रत्येक टोकनला 128 केबी, म्हणजे 8192 टोकनांना 1 जीबी. तुमच्या 24 जीबीत हे बसतं! तुम्हाला क्वांटायझेशनवर (बिट कमी करण्यावर) संशय आहे तर तर्क कशाला, 16-बिट आणि 4-बिट दोन्ही त्याच कार्डावर त्याच सेटिंगने चालवा आणि मित्राला दाखवा. 14 अब्जचं मॉडेल 16-बिटमध्ये बसणार नाही, 8-बिटमध्ये बसेल. 70 अब्जचं 4-बिटमध्येही नाही. हार्नेसमधल्या एमएमएलयूसारख्या चाचण्यांत मजकूर तयार करायचा नसतो, त्यामुळे त्या झपाट्याने होतात. जीएसएम8के मध्ये उत्तर लिहावं लागतं आणि तिथे मेमरी बँडविड्थ (मेमरीतून डेटा वाचण्याचा वेग) अडवते. एकेक प्रश्न पाठवत बसू नका, व्हीएलएलएमसारख्या इंजिनात बॅच करून पाठवा.

वेळ वाचवायला पहिले 100 प्रश्न चालवून तुलना करणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. 100 प्रश्नांवर 75 टक्के आले तर 95 टक्के खात्रीची पट्टी साधारण 8.5 गुण वर आणि तेवढीच खाली. जीएसएम8के चे पूर्ण 1319 प्रश्न चालवले तर ती 2.3 वर येते. ह्यूमनइव्हल या कोड लिहिण्याच्या चाचणीत मुळात 164 च प्रश्न आहेत, त्यामुळे तिथे दोन-तीन गुणांवरून मॉडेल श्रेष्ठ ठरवणं म्हणजे शुद्ध थाप. दोन रन ताडायचे असतील तर सरासरी बाजूला ठेवा आणि जे प्रश्न एकाला आले आणि दुसऱ्याला आले नाहीत, तेवढेच मोजा. आमच्या त्या तक्त्याच्या बाबतीत कुणी असे वीस प्रश्न उघडून वाचले असते तरी बैठक दहा मिनिटांत संपली असती.

4-बिट फुकट मिळतं असं मात्र मी म्हणत नाही. 3 आणि 2 बिटांवर घसरण खरी असते, लहान मॉडेलांना जास्त लागते. टेम्परेचर (शब्द निवडताना मॉडेल किती चंचल असावं ते ठरवणारं सेटिंग) शून्य ठेवूनही बॅचचा आकार बदलला की बेरजांचा क्रम बदलतो आणि एखाददुसरं उत्तर फिरतं, त्याने घाबरू नका. विचार करून उत्तर देणाऱ्या मॉडेलांना मात्र टेम्परेचर शून्य देऊ नका, ती एकच वाक्य घोळवत बसतात. डीपसीक आर1 साठी 0.6 सुचवलेलं आहे. टोकन मर्यादाही भरपूर द्या, नाहीतर विचारातच कापली जातील. एमएमएलयू 2020 चा आणि जीएसएम8के 2021 चा, दोन्ही इतकी वर्षं नेटवर पडून आहेत की ट्रेनिंगमध्ये ते आलेच नाहीत असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून कामासाठी मॉडेल निवडताय तर तुमच्याच कामातले दोनशे-तीनशे नमुने हाताने तपासून ठेवा आणि ते बाहेर कुठेही टाकू नका. आणि ह्यूमनइव्हल लावणार असाल तर मॉडेलने लिहिलेला कोड खरोखर तुमच्या मशीनवर चालतो, तेव्हा तो कंटेनरमध्ये (बाकी मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या जागेत), नेटवर्क बंद करूनच चालवा.