चैत्र-वैशाखातला गारवा आणि आपली पिके : ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

शहापूर, मुरबाड, अंबरनाथ आणि भिवंडी तालुक्यांतून सध्या येणारे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरत आहेत. उन्हाळा असून ऊन नाही, आभाळ भरलेले आहे, मधूनच सर येते आणि पहाटे गारवा असतो. भात पिकत नाही, काकडीचे कळे गळतात, भेंडीचा तोडा लांबला आहे, आंबा अढीत (पेंढ्यात पिकत घातलेल्या थरांत) डागाळतो आणि राब (रोपवाटिकेची जागा भाजण्यासाठी रचलेला पालापाचोळा) भिजला आहे. यावर खत टाकावे की औषध मारावे, असे बहुतेकांनी विचारले आहे. खताचे उत्तर जवळजवळ सगळीकडे ‘नको’ असेच आहे. त्याचे कारण आधी समजून घ्या.

पीक दिवस मोजत नाही, उष्णता मोजते. भातासाठी ढोबळ हिशेब असा : दिवसाचे कमाल आणि किमान तापमान यांची सरासरी काढायची आणि त्यातून १० वजा करायचे. कमाल ३४ आणि किमान २४ असेल तर त्या दिवशी पिकाला १९ एकक उष्णता मिळते. कमाल २९ आणि किमान २२ वर आले की ती साडेपंधराच भरते. असे १५ दिवस गेले तर सुमारे ५२ एककांची तूट पडते, म्हणजे पीक जवळपास तीन दिवस मागे राहते. एवढ्याने पीक आजारी पडलेले नसते. अशा वेळी युरिया टाकला तर पीक पुढे सरकत नाही, फक्त कोवळी, लुसलुशीत पालवी फुटते आणि तिच्यावर मावा व पांढरी माशी बसते. खरे नुकसान होते ते पान जास्त वेळ ओले राहिल्यामुळे आणि मुळाशी पाणी साचल्यामुळे.

म्हणून पहिला बदल पाण्यात करा. ढगाळ हवेत बाष्पीभवन कमी होते, पण पाण्याची पाळी मात्र सवयीने तीच राहते. रोपाजवळ १० ते १५ सेंमी खोल माती उकरा आणि मुठीत दाबा. गोळा बनून तसाच राहिला तर पाणी देऊ नका, फुटला तर द्या. ठिबक असेल तर वेळ साधारण एक तृतीयांशाने कमी करा. पाणी सकाळीच द्या. संध्याकाळी दिलेल्या पाण्याने रात्रभर दमटपणा राहतो आणि बुरशीला तेच हवे असते.

उन्हाळी भात. मुरबाडच्या एका शेतकऱ्यांनी विचारले आहे की लोंब्या बाहेर आल्या, पण बरेच दाणे पोचट आहेत, हा खोडकिडा का? ओळख सोपी आहे. लोंबी हलकेच ओढून पाहा. अख्खी लोंबी पांढरी असेल आणि ओढताच सहज निघून येत असेल, तर तो खोडकिडा. लोंबी घट्ट असेल, हिरवी-पिवळी असेल आणि दाणे मधूनमधून रिकामे असतील, तर पोटरीच्या अवस्थेत, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आवरणात असताना, रात्री गार पडल्याने परागकण नीट तयार झाले नाहीत. लोंबी बाहेर पडण्याआधीचे दहा-बारा दिवस याबाबतीत सर्वांत नाजूक असतात आणि त्या काळात रात्रीचे तापमान १८-२० अंशांच्या खाली गेले की वांझपणा येतो. खाडीलगतच्या भिवंडी-कल्याणपेक्षा मुरबाड-शहापूरच्या डोंगराकडील शिवारात रात्री अधिक गार असतात. त्यामुळे मार्चच्या सुरुवातीला पोटरीत असलेल्या तिकडच्या भातात हे जास्त दिसेल. रिकामा दाणा आता कोणत्याही फवारणीने भरत नाही. त्यावर पैसे घालवू नका. पुढच्या हंगामात लावणी अशी धरा की पोटरीची वेळ थंडी ओसरल्यावर येईल.

ज्यांचे दाणे भरले आहेत त्यांनी शेत पूर्ण सोनेरी होण्याची वाट पाहू नये. लोंबीतील ८० ते ८५ टक्के दाणे पक्व झाले की कापा, कारण आडव्या पडलेल्या ओल्या लोंबीत दाण्याला मोड येतात. कापणीआधी आठ-दहा दिवस खाचरातले पाणी काढून टाका. ‘वैभव’ नावाच्या दातेरी विळ्याने जमिनीलगत कापले की पेंढाही वाया जात नाही. झोडलेले भात ढीग करून ताडपत्रीखाली झाकून ठेवू नका, ते आतून तापते आणि तांदूळ पिवळा पडतो. छपराखाली तीन ते पाच सेंमी जाडीचा थर पसरा आणि दर तासाने उलथा. साठवताना ओलावा १३ टक्क्यांच्या आसपास असावा.

काकडी, कारली, दुधी, शिराळी, कलिंगड. सर्वांत जास्त प्रश्न वेलांचे आहेत आणि सर्वांत जास्त लक्षही तिथेच हवे. फळ धरत नाही याचे मुख्य कारण असे की ढगाळ, गार हवेत मधमाश्या कमी उडतात आणि भिजलेल्या फुलातला पराग निकामी होतो. वेलीला बोरॉन किंवा टॉनिक देऊन परागीभवन होत नाही. ते हाताने करावे लागते. काकडी, कारली आणि कलिंगडाची फुले सकाळी उमलतात, तेव्हा सहा ते नऊ ही वेळ धरा. दुधी आणि शिराळी संध्याकाळी फुलतात, त्यांचे काम सायंकाळीच करा. दुधीच्या मांडवात सकाळी जाऊन उपयोग नाही. मादी फुलाच्या मागे बारीक फळ असते, नर फूल नुसत्या देठावर असते. ताजे नर फूल तोडून पाकळ्या मागे वळवा आणि मादी फुलाच्या मध्यभागी हलके फिरवा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरते. पावसाचा अंदाज असेल तर सकाळी उमलणाऱ्या वेलींच्या, दुसऱ्या दिवशी उमलतील अशा नर कळ्या आदल्या संध्याकाळी देठासह काढून घरात पाण्याच्या वाटीत ठेवा. कीटकनाशक फवारायचेच असेल तर मधमाश्या परतल्यावर.

पानांवरचा रोग ओळखल्याशिवाय औषध घेऊ नका. पानाच्या वर शिरांनी अडवलेले कोनाकृती पिवळे डाग आणि सकाळी पानाखाली करडी-जांभळट बुरशी दिसली तर तो केवडा. पानावर बोटाने पुसली जाणारी पांढरी पावडर दिसली तर ती भुरी. गंधकाने केवडा हटत नाही. काकडीवरील केवड्यासाठी अॅझॉक्सिस्ट्रॉबिन २३ टक्के १० लिटर पाण्यात १० मिली घ्या आणि फवारणीनंतर पाच दिवस तोडा करू नका. हेच औषध लागोपाठ दोनदा नको, बुरशीत प्रतिकारशक्ती येते. डब्याच्या लेबलवर तुमच्या पिकाचे नाव नसेल तर ते औषध त्या पिकासाठी नाही. खालची रोगट पाने काढून मांडवाबाहेर पुरा. वारा खेळला की पान लवकर सुकते आणि हा उपाय फुकटचा आहे.

फळमाशीचे सापळे लावलेत, पण माशी सापडत नाही, अशीही एक तक्रार आहे. वेलींना क्यूल्युअरचे आमिष लागते, आंब्याला मिथाईल युजेनॉलचे. अदलाबदल झाली असेल तर सापळा रिकामाच राहील.

कलिंगड यंदा फुलोऱ्यापासूनचे दिवस मोजून काढू नका, चार-सहा दिवस जास्त लागतील. फळाजवळचा तणावा (वेलीचा पीळदार धागा) सुकलेला आणि जमिनीला टेकलेला भाग पिवळसर झालेला पाहा. काढणीच्या पाच-सहा दिवस आधी पाणी तोडा. ढगाळ हवेत गोडी कमीच भरते, त्यात पाणी दिले तर फळ फिके लागते आणि तडकतेही.

भेंडी. शहापूर-मुरबाडमधून परदेशी जाणाऱ्या भेंडीचा तोडा लांबला आहे. फुलापासून तोडणीपर्यंत दोन-एक दिवस जास्त लागले तर काळजी नको, मात्र लांबीवर आणि टोक कडकन मोडते का यावर तोडा ठरवा. भुरी दिसली तर पाण्यात मिसळणारे गंधक ८० टक्के १० लिटरला २५ ग्रॅम. इथे एक धोका आहे : गारवा संपून ऊन एकदम कडकते आणि पारा ३५ च्या वर गेला की गंधकाने पाने करपतात. पुढच्या तीन-चार दिवसांचा अंदाज ‘मेघदूत’ अॅपवर पाहून मगच फवारा. निंबोळी तेल मारले असेल तर दोन आठवडे गंधक नको. पांढऱ्या माशीसाठी एकरी आठ-दहा पिवळे चिकट सापळे लावा. पानाच्या शिरा पिवळ्या पडलेली झाडे उपटून टाका, ती बरी होत नाहीत. निर्यातीच्या मालात औषधाचा अंश निघाला तर सगळी खेप परत येते, म्हणून फवारणीची तारीख वहीत लिहा.

आंबा. हापूसला या हवेचा एक फायदाही आहे. जमिनीतून येणारी धग कमी असल्याने साक्याचे (गर आतून पांढुरका, स्पंजासारखा होण्याचे) प्रमाण कमी राहते. पण करपा वाढतो. त्याची लागण झाडावरच झालेली असते आणि काळे डाग अढीत दिसतात, म्हणून तयार फळावर ऐन काढणीला फवारणी करून काही साधत नाही. चौदा आणे (सोळापैकी चौदा भाग) तयार फळ ‘नूतन’ झेल्याने (देठासह फळ काढायच्या अवजाराने) चार-पाच सेंमी देठासह काढा. शंका असेल तर दोन-चार फळे बादलीत टाका, तयार फळ बुडते. पावसानंतर एक कोरडा दिवस जाऊ द्या. काढल्यापासून २४ तासांच्या आत फळे ५२ अंशांच्या पाण्यात १० मिनिटे बुडवा. थर्मामीटर हवाच, कारण ५५ अंशांना साल भाजते आणि ४८ ला बुरशी मरत नाही. मग सावलीत पूर्ण कोरडी करा.

अढीत यंदा थर कमी ठेवा, पेंढा कोरडा घ्या आणि एक दिवसाआड डागी फळे वेचा. पिकायला दोन-चार दिवस जास्त लागतील. वाशीच्या बाजाराचा भाव गाठायच्या घाईत कॅल्शियम कार्बाइड वापरू नका. त्यावर बंदी आहे आणि ते खाणाऱ्याच्या जिवाशी खेळणे आहे. घाई असेल तर परवानगी असलेले इथिलीन वायूचे पिकवणी केंद्र गाठा. फळमाशीसाठी हेक्टरी चार ‘रक्षक’ सापळे पुरतात. गळलेली फळे रोज गोळा करून खोल पुरा, त्याशिवाय सापळ्यांचा उपयोग अर्धाच होतो.

बदलापूरच्या जांभळाला सरीने फळ फुटण्याचा धोका असतो. झाडाखाली जाळी बांधा आणि रोज सकाळी वेचणी करा.

खरिपाची रोपवाटिका. राब भिजला, धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीतली पेरणी) साधत नाही, पाऊस पडलाच आहे तर पेरू का? या पावसावर पेरू नका. मुंबई-ठाण्यात मोसमी पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून आहे. २०२५ साली तो २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला हे खरे, पण मेमधली प्रत्येक सर मोसमी नसते. मध्ये पंधरा दिवसांची उघडीप पडली तर रोपे वाळतात आणि बियाणे जाते.

राब भाजण्याची गरजच नाही. गादीवाफे करा : रुंदी सव्वा मीटर, उंची आठ-दहा सेंमी, एक हेक्टर लावणीसाठी दहा गुंठे. गुंठ्याला २५० किलो शेणखत, १ किलो युरिया आणि ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओता, तरंगणारे काढून टाका, बुडालेले दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवा. मिठाचा अंश राहिला तर उगवण कमी होते. पाऊस खरोखरच लवकर लागला आणि वाफसा (मशागतीजोगा बेताचा ओलावा) आलाच नाही, तर रहू पद्धत हाताशी ठेवा : बियाणे २४ तास भिजवा, ओल्या गोणपाटात मोड आणा आणि चिखलणी केलेल्या वाफ्यावर फेका.

नांगरट झाली असेल तर तण उगवू द्या, मग वाफशावर एक कुळवाची पाळी द्या. ओल्या जमिनीत ट्रॅक्टर घातला की ढेकळे होतात.

पेंढा. उडवी (पेंढ्याची रचलेली गंजी) आतून गरम लागत असेल तर आजच मोकळी करून पसरा. काळी बुरशी चढलेला पेंढा गाभण जनावरांना तर मुळीच घालू नका. पिकाचे नुकसान एक तृतीयांशाहून जास्त वाटत असेल तर काढणी करण्यापूर्वी शेताचे फोटो काढा आणि ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) व सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) यांच्याकडे पंचनाम्यासाठी लेखी अर्ज द्या. कापलेल्या शेतात नुकसान दाखवता येत नाही.